अंगणातल्या जंगली टर्कीची झळाळी जलरंगात कशी आणावी?

जास्वंदी_मॅसॅच्युसेट्स

मंडळी, प्रश्न जलरंगाचा आहे आणि पक्ष्याचाही आहे. दोन्ही जाणणारे लोक इथे आहेत म्हणून इथेच विचारते.

घरामागच्या अंगणात सकाळी जंगली टर्कींचा थवा येतो. एप्रिल सुरू आहे, त्यामुळे नर पिसारा फुलवून, पंख जमिनीला टेकवून फिरतात. चार-पाच चित्रांची मालिका करायची आहे. कागद ३०० ग्रॅमचा, पूर्ण कॉटनचा, कोल्ड प्रेस (किंचित खडबडीत), पाव शीट (२८ × ३८ सेंमी). रंग: अल्ट्रामरीन, थॅलो ग्रीन, बर्न्ट सिएना, क्विनाक्रिडोन गोल्ड, अलिझरिन क्रिमझन, यलो ऑकर, सेपिया, लॅम्प ब्लॅक.

तीन ठिकाणी अडते आहे.

पहिलं म्हणजे अंगाची झळाळी. आधी सेपियाचा वॉश (पातळ रंगाचा सलग थर) दिला, तो ओला असतानाच त्यात हिरवा आणि तांबूस सोडला. सुकल्यावर सगळं शेवाळी तपकिरी झालं. दुसऱ्या वेळी सेपिया पूर्ण सुकू दिला आणि वरून हिरवे-तांबूस फटकारे मारले, तर ते वर चिकटवल्यासारखे दिसतात.

दुसरं डोकं. लाल आणि निळा एकमेकांत जाऊन जांभळा होतो.

तिसरं शेपटी. फुललेली शेपटी पक्ष्याच्या मागे हातपंखा उभा केल्यासारखी दिसते, ती त्याच्या अंगातून आलेली वाटत नाही.

शिवाय बाजारात अभ्रकाची चमक असलेले जलरंग मिळतात. ते घ्यावेत का?

---

ओला_कागद

जास्वंदीताई, पहिल्या अडचणीचं उत्तर एका वाक्यात: क्रम उलटा करा. झळाळी आधी, काळोख नंतर.

जलरंगात उजेड कागदाकडून येतो. सेपियाने कागद झाकला की त्यावर कितीही शुद्ध हिरवा लावा, त्याच्याखाली परत फिरणारा उजेडच उरलेला नसतो. म्हणून तुमचे फटकारे वर बसल्यासारखे दिसतात. आणि ओल्यात तिन्ही एकत्र केले तेव्हा तांबूस आणि हिरवा हे एकमेकांचे विरोधी रंग, त्यात सेपियाचा आधीच मिश्र असलेला गडदपणा. चिखल होणारच.

आता पीस कसं असतं ते जवळून बघा, कारण चित्राची सगळी युक्ती त्या पिसातच आहे. नराच्या छातीचं एक पीस घ्या. बुडाशी राखाडी लव असते, ती शेजारच्या पिसाखाली झाकलेली, दिसतच नाही. त्यापुढे झळाळीचा पट्टा: तांबं, सोनं, मधेच हिरवी झाक, कडेला कधी लालसर. आणि टोकाला मखमली काळी कड, मॅट, जराही चमक नसलेली. पट्टा झळकतो तो या कडेमुळे. काळ्या काठाच्या पैठणीत मधलं धूपछाव पोत जसं उठून दिसतं, तसंच हे. धूपछावात उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा, म्हणून कोन बदलला की रंग पालटतो. पिसातही हिरवा किंवा तांबूस असा वेगळा रंग भरलेला नसतो, पिसाच्या अतिसूक्ष्म रचनेतून उजेड परतताना तो तयार होतो. म्हणून एकच पीस छातीवर तांबूस आणि वळणावर हिरवं दिसतं. तुम्ही एखाद्या पिसाचा रंग रंगवत नाही, अंगाच्या गोलाईवरून उजेड कसा फिरतो ते रंगवताय.

पाव शीटवर एक नर, साधारण २० सेंमी उंच, या हिशेबाने सांगतो.

रेखाटन हलकं, एचबीने. फक्त अंगाचा आकार साध्या पाण्याने ओला करा. कागद चमकला पाहिजे, पण पाण्याचं तळं नको. कागद तिरपा धरून बघा, चमक सगळीकडे सारखी दिसली की थांबा. आता दुधासारख्या दाटपणाचे तीन रंग तयार ठेवा: क्विनाक्रिडोन गोल्ड, क्विनाक्रिडोन बर्न्ट ऑरेंज (ट्यूबवरचा रंगद्रव्य क्रमांक पीओ ४८, नसेल तर बर्न्ट सिएना, पण तो उचलला जातो, खाली सांगतो), आणि थॅलो ग्रीन (पीजी ७), त्यात अर्धा भाग गोल्ड. थॅलो एकटा कधीच नको. तो इतका जोरकस असतो की ब्रशच्या टोकावर मोहरीएवढा घेतला तरी पुरतो.

आधी गोल्ड, उजेडाकडच्या दोन तृतीयांश भागात. लगेच त्याच्या शेजारी तांबूस, पोटाकडे वळणाऱ्या बाजूला. हिरवा फक्त वळणांवर: खांद्याच्या कडेला, छातीच्या खालच्या गोलाईत, पाठीच्या उतारावर. रंग शेजारी शेजारी ठेवा आणि ब्रश बाजूला ठेवून द्या. त्यांना पाण्यातूनच एकमेकांकडे जाऊ द्या. ब्रशने घोळवलं की तांबूस-हिरव्याचा राखाडी होतो. एका ठिकाणी दोनदा ब्रश फिरला तर चालेल, तिसऱ्यांदा नाही. जिथे उजेड सरळ पडतो तिथे नखाएवढ्या दोन-तीन जागा जवळजवळ कोऱ्या सोडा.

हे पूर्ण सुकलं पाहिजे. हाताच्या पाठीने स्पर्श करा, गार लागलं तर आत ओल आहे. हेअर ड्रायर वापरणार असाल तर वरची चमक जाईपर्यंत थांबा, आधी मारला तर हवेने रंग ढकलला जाऊन कडा उमटतात.

या टप्प्यावर पक्षी भडक आणि खोटा वाटेल. घाबरून त्यावर मंद वॉश देऊ नका, चित्र बहुधा इथेच बिघडतं.

आता काळी कड. लॅम्प ब्लॅक बाजूला ठेवा. तो दाट लावला की काजळीसारखा मेलेला दिसतो आणि वरून पाणी लागलं की खालच्या सोनेरीवर पसरतो. त्याऐवजी पेरिलीन ग्रीन (पीबीके ३१) आणि पेरिलीन मरून (पीआर १७९) समसमान, सायीसारखे दाट. जवळजवळ काळा रंग होतो, पण हिरव्या भागात ग्रीन थोडा वाढवा आणि तांबूस भागात मरून, म्हणजे काळा आपल्या शेजाऱ्याशी बोलतो. हे दोन रंग आणायचे नसतील तर तुमच्याकडच्या थॅलो ग्रीन आणि अलिझरिनमधूनही खोल काळा निघतो, पण अलिझरिनबद्दल खाली वाचा.

६ नंबरचा गोल ब्रश, टोक चांगलं असलेला. प्रत्येक पिसाची कड चंद्रकोरीसारखी: टोकाशी जाड, बाजूंना निमुळती होत नाहीशी. वरच्या ओळीपासून खाली या. दोन-तीन चंद्रकोरी झाल्या की स्वच्छ ओलसर ब्रशने त्यातल्या एकीची आतली कड मऊ करा, बाहेरची धारदार राहू द्या. हा मऊ-धारदार फरक नसला तर पिसं कापून चिकटवल्यासारखी दिसतात.

पहिल्या थरासाठी क्विनाक्रिडोन आणि थॅलो का? हे रंग कागदाच्या धाग्यात मुरतात. वरून दाट काळा लावताना ओलाव्याने ते उठत नाहीत. बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन, यलो ऑकर वर बसून राहतात, दुसऱ्या थरात उचलले जातात आणि काळ्यात मिसळून पुन्हा चिखल. तुमचा अल्ट्रामरीन पार्श्वभूमीच्या सावल्यांसाठी ठेवा, तिथे त्याचे कण बसलेले छान दिसतात.

एक बाब सगळे विसरतात. वीस पावलांवरून टर्की म्हणजे जवळजवळ काळं ढेकूळ असतं. झळाळी दिसते ती सूर्य तुमच्या पाठीशी आणि खाली असताना, तीही अंगाच्या फार तर एक तृतीयांश भागावर. उरलेल्या अंगावर काळ्या कडा जवळजवळ येऊ द्या, एकमेकींत मिसळू द्या. सगळं अंग झळकवलं की पक्षी ख्रिसमसच्या झाडाला टांगण्याच्या गोळ्यासारखा होतो.

अलिझरिन: ट्यूबवर पीआर ८३ लिहिलेलं असेल तर मालिकेत वापरू नका. उजेडात तो उडतो. 'पर्मनंट' नावाने मिळणारा पर्याय घ्या किंवा क्विनाक्रिडोन रोझ (पीव्ही १९).

---

पंखवेल

ओला_कागद यांनी नराचं सांगितलं. थव्यात माद्याही असतील, त्यांची कृती याच्या अगदी उलट आहे आणि ती चुकली तर मालिकाभर सगळे नरच दिसतील. नराच्या छातीच्या पिसांची टोकं काळी, मादीच्या छातीच्या पिसांची टोकं फिकी, बदामी. नरावर काठ रंगवायचा, मादीवर काठ सोडायचा. तिच्या अंगावर आधी यलो ऑकरमध्ये चिमूटभर बर्न्ट सिएना घालून ताकासारखा पातळ वॉश द्या, सुकू द्या, मग प्रत्येक पिसाचा आतला भाग तपकिरी-राखाडीने भरा आणि टोकाची बारीक फिकी रेघ तशीच राहू द्या. तिथे मास्किंग फ्लुइड (कागद कोरा राखायला लावतात ते रबरी द्रव) लावू नका. इतक्या बारीक रेघा त्याने ठोकळ्यासारख्या येतात, आणि कोल्ड प्रेसवर ते जास्त वेळ राहिलं तर काढताना कागदाची साय निघते.

शेपटीबद्दल. हातपंख्यासारखी दिसण्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं की पिसांच्या दांड्या पक्ष्याच्या पोटाच्या मध्यातून निघाल्यासारख्या काढलेल्या असतात. त्या निघतात पाठीच्या टोकाशी, शेपटीच्या बुडातून. समोरून बघताना हा बिंदू फुगलेल्या अंगाआड लपलेला असतो आणि आपल्याला वाटतं त्यापेक्षा बराच खाली असतो. पेन्सिलने तो बिंदू अंगातून आरपार दिसतोय असं समजून खरोखर काढा. मग त्यातून मधली दोन पिसं, मग दोन्ही टोकांची पिसं, आणि शेवटी मधली जागा भरा. एकूण साधारण १८ पिसं असतात, म्हणजे एका बाजूला ९. मोजून काढा. डावीकडून सुरू करून उजवीकडे गेलात तर शेवटची चार पिसं कोंबावी लागतात.

दुसरं, पिसारा क्वचितच तुमच्याकडे अगदी सरळ तोंड करून असतो. नर वळतो तसा तो वळतो, तेव्हा अर्धवर्तुळ न राहता लंबवर्तुळाचा तुकडा होतो: जवळच्या बाजूची पिसं रुंद आणि लांब, पलीकडची अरुंद आणि एकमेकांवर चढलेली. शेपटीवरचा टोकाजवळचा गडद पट्टा आणि त्याबाहेरची तांबूस कड याच लंबवर्तुळाला समांतर धावतात. पट्टा प्रत्येक पिसावर वेगळा काढू नका. आधी सबंध पिसाऱ्यावर एक अखंड कमान हलकीच आखा, मग प्रत्येक पिसापाशी ती किंचित तोडा.

शेपटीच्या मुळाशी लहान झाकणपिसांची दुसरी छोटी कमान असते, तिलाही तांबूस कड असते. ती काढली की शेपटी अंगातून उगवलेली दिसते. तुमच्या तिसऱ्या अडचणीचा अर्धा इलाज एवढाच आहे.

आणि मधली दोन-चार पिसं बाकीच्यांपेक्षा लांब दिसली, पिसाऱ्याला मधे पायरी आली, तर तुमचं रेखाटन चुकलं असं समजू नका. तो वर्षभराचा कोवळा नर आहे. त्याच्या छातीची दाढीही आखूड असते. पूर्ण वाढलेल्या नराचा पिसारा सलग गोल.

पंखांच्या लांब पिसांवर पांढरे-काळे आडवे पट्टे असतात. मिटलेल्या पंखात हे पट्टे एका पिसावरून दुसऱ्यावर जवळजवळ ओळीत येतात. फिका उबदार राखाडी आधी, मग गडद पट्टे, आणि तिरप्या ओळी सांभाळा. हे पट्टे इतके नजरेत भरतात की ते नीट आले तर बाकीच्या अंगावर तपशील कमी असला तरी चालतं.

---

चितारी

डोक्याचं मी सांगतो.

लाल-निळा जांभळा होतो कारण दोन्ही ओले असताना एकमेकांना टेकतात. मधे केसाएवढी कोरडी फट ठेवा. शेवटी ती फट पांढरी खुपली तर पातळ गुलाबी राखाडीने बुजवता येते, बहुतेक वेळा बुजवावी लागतच नाही.

पिसारा फुलवलेल्या नराच्या डोक्याचा माथा पांढरट, डोळ्याभोवती आणि गालावर निळा, गळ्याच्या मांसल गाठी लाल, आणि चोचीवरची मांसल सोंड लांब होऊन चोचीच्या एका बाजूला लोंबते. तो दचकला की हीच सोंड आखडून चोचीच्या मुळाशी बोटाच्या पेरासारखी होते आणि डोक्याचे रंगही बदलतात. फोटोवरून काम करताना चूक होते ती इथे: पिसारा एका फोटोतला, डोकं दुसऱ्या. फुललेल्या अंगावर दचकलेलं डोकं बसवलं की काहीतरी बिनसलंय हे बघणाऱ्याला कळतं, काय ते सांगता येत नाही. एकाच क्षणाचे फोटो वापरा.

माथा कोरा कागदच. सावलीच्या बाजूला कोबाल्ट ब्ल्यूचा अगदी पातळ हात. निळ्यासाठी सेरुलियन, त्यात डोळ्याजवळ थेंबभर कोबाल्ट टील. लाल दोन थरांत: पहिला पायरॉल स्कार्लेट, ताकासारखा, सगळ्या गाठींवर एकसलग, पण प्रत्येक गाठीवर ठिपक्याएवढा कोरा कागद चमकेसाठी ठेवून. सुकल्यावर क्विनाक्रिडोन रोझ फक्त गाठींच्या खालच्या बाजूला. गाठींमधल्या खाचा पेरिलीन मरूनने, २ नंबरच्या ब्रशने. काळा तिथे नको, लाल एकदम भाजल्यासारखा दिसतो. डोळा गडद तपकिरी, आणि वरच्या बाजूला एकच कोरा ठिपका. तो राखायला विसरलात तर शेवटी धारदार ब्लेडच्या टोकाने कागद खरवडून काढता येतो, पण कागद पूर्ण कोरडा हवा.

छातीची दाढी खरखरीत केसांसारखी दिसते, पण ती पिसंच असतात. लांब केसांच्या रिगर ब्रशने, मुळाकडून टोकाकडे, एका दमात. तीन-चार रेघा पुरेत. काही माद्यांनाही दाढी असते, तेव्हा दाढी दिसली म्हणून नर ठरवू नका, डोकं आणि छातीच्या पिसांची टोकं बघा.

आता अभ्रकाच्या रंगांबद्दल. घेऊ नका असं नाही म्हणणार, पण मर्यादा लक्षात घ्या. त्यातले कण उजेड परतवतात, त्यामुळे चित्र हातात धरून हलवलं की झळकतं. पण भिंतीवर लावल्यावर एका कोनातून झळकतं आणि दुसऱ्या कोनातून तो भाग राखाडी, धुरकट दिसतो. स्कॅन केलं की चमक जाते आणि फिका डाग उरतो. छापील कार्डं काढायची असतील तर हे रंग अजिबात नकोत. वापरायचेच तर सगळ्यात शेवटी, पूर्ण कोरड्यावर, झळाळीच्या पट्ट्यांतल्या फक्त पाच-सहा ठिकाणी, काळ्या कडेला न शिवता. काळ्यावर गेले की काळा फिका पडतो आणि ज्याच्या जोरावर झळाळी उभी होती तोच जातो. ब्रश आणि पाण्याचं भांडं वेगळं ठेवा, नाहीतर पुढच्या चित्राच्या आकाशातही अभ्रक निघेल.

अभ्रकाशिवाय हा पक्षी किती दूर नेता येतो याचं उदाहरण आपल्याकडेच आहे. १६१२ मध्ये दरबारी मुकर्रबखानाने गोव्याहून मुघल बादशहा जहांगीरसाठी जे पशुपक्षी आणले त्यात टर्की होती. अमेरिकेतून पोर्तुगीजांच्या जहाजांनी आलेली. जहांगीरने आठवणींत तिचं वर्णन लिहिलं, डोकं आणि मान रंग पालटतात हे त्याने नेमकं टिपलं, आणि चित्रकारांकडून चित्रं काढून घेतली. त्याच्या दरबारातला चित्रकार उस्ताद मन्सूर याने काढलेला टर्कीचा नर आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. ते अपारदर्शक जलरंगाचं काम आहे, तुमच्या पद्धतीहून वेगळं, पण एक गोष्ट उचलण्यासारखी आहे: डोकं आणि गळ्याच्या गाठींवर सगळी बारकाई आणि सगळा रंग, तर पार्श्वभूमी जवळजवळ रिकामी. नजर कुठे जावी हे त्याने ठरवून टाकलंय. तुमच्या मालिकेतल्या एका चित्रात तरी मागचं अंगण, कुंपण, झाडं सगळं गाळून बघा.

---

सॅनहोजे_पक्षीनोंद

फोटो आणि निरीक्षणाबद्दल थोडं, कारण संदर्भ चुकला तर रंगाची मेहनत वाया जाते.

इंटरनेटवरचे टर्कीचे फोटो सरसकट वापरू नका. उपजाती वेगळ्या आहेत आणि फरक नेमका शेपटीच्या कडेत दिसतो. मॅसॅच्युसेट्समध्ये जंगली टर्की १८५१ पर्यंत नाहीशी झाली होती. १९७२-७३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातून आणलेले ३७ पक्षी बर्कशायरच्या भागात सोडले आणि ती पुन्हा पसरली. ही पूर्वेकडची उपजात, शेपटीची कड गडद तांबूस. आमच्याकडे कॅलिफोर्नियात बहुतांश रिओ ग्रांदे उपजात, कड फिकी बदामी. रॉकी पर्वताच्या भागातल्या मेरियम उपजातीची कड जवळजवळ पांढरी. बर्फात उभ्या टर्कीचे देखणे फोटो बरेचदा मेरियमचे असतात. ती पांढरी कड बघून रंगवलंत तर मॅसॅच्युसेट्सचं अंगण आणि कोलोरॅडोचा पक्षी असं होईल.

तुमच्या घराच्या खिडकीतूनच सगळं मिळेल. टर्की रात्री झाडावर बसते आणि उजाडताच खाली उतरते. थव्याची वाट बरीचशी ठरलेली असते, तेव्हा वेळ आणि दिशा चार-पाच दिवस लिहून ठेवा आणि सूर्य तुमच्या पाठीशी येईल ती खिडकी निवडा. खोलीतले दिवे बंद, भिंग काचेला टेकवून, नाहीतर फोटोत तुमचंच प्रतिबिंब येतं. शटर १/५०० सेकंद किंवा त्याहून जलद. चालताना डोकं सतत पुढेमागे होतं, कमी वेगात अंग स्पष्ट आणि डोकं धूसर येतं. काळ्या पक्ष्यामुळे कॅमेरा उजेड वाढवतो आणि माथ्याचा पांढरा जळतो, म्हणून एक्स्पोजर दोन तृतीयांश स्टॉप खाली घ्या. ढगाळ दिवशी झळाळी नसते, पण आकार आणि पिसांची रचना स्वच्छ दिसते. दोन्ही प्रकारचे फोटो काढा: रचना ढगाळ फोटोतून, रंग उन्हाच्या फोटोतून.

फोटोआधी रोज दहा मिनिटं झटपट रेखाटनं करा, एकाला अर्धं मिनिट. चालणारी टर्की म्हणजे आडवी होडी आणि पुढे उभी मान; फुललेली म्हणजे चेंडू, मागे कमान, आणि मान आत ओढलेली. पायाचा जो सांधा मागे वाकलेला दिसतो तो गुडघा नाही, टाच आहे. गुडघा पिसांत लपलेला. तो समजून घेतला नाही तर पक्षी मागे पडतोय असं वाटतं.

दाणे टाकून त्यांना खिडकीजवळ बोलावू नका. राज्याचा वन्यजीव विभागही हेच सांगतो: खाऊ घातल्याने ती धीट होतात, आणि या महिन्यांत नर काचेतल्या, गाडीच्या दारातल्या प्रतिबिंबाला दुसरा नर समजून चोची मारतात. काचेवर मारू लागला तर बाहेरून काच झाका, म्हणजे थांबतो.

अंगणात पडलेलं पीस टेबलावर ठेवून अभ्यास करण्यासारखं दुसरं काही नाही. स्थलांतरित पक्ष्यांच्या संघीय कायद्याच्या यादीत टर्की नाही, त्यामुळे तिच्या गळलेल्या पिसाला त्या कायद्याची आडकाठी येत नाही. राज्याचा नियम मात्र एकदा बघून घ्या. ब्लू जे, रॉबिन, कावळा यांचं पीस त्याच अंगणात पडलेलं असलं तरी उचलून ठेवता येत नाही. टर्कीचं पीस दिव्याखाली धरा आणि हळूहळू फिरवा, तांबूस कुठे संपतो आणि हिरवा कुठे येतो ते वहीत कोनासह टिपा. पीस हाताळल्यावर हात धुवा.

---

जास्वंदी_मॅसॅच्युसेट्स

सगळ्यांचे मनापासून आभार. क्रम उलटा करून एक अभ्यासचित्र केलं. सोनं-तांबं-हिरवं तिन्ही शाबूत राहिले, काळाही मेलेला वाटत नाही. शेपटीचा बिंदू खाली घेतल्यावर ती अंगाला जोडली गेली.

पण आता छाती माशाच्या खवल्यांसारखी दिसते. प्रत्येक कोर नीट, तरीही. आणि मागची हिरवळ रंगवल्यावर अंगातला हिरवा दिसेनासा झाला.

---

ओला_कागद

खवले दिसण्याची तीन कारणं असतात, आणि बहुधा तिन्ही एकदम होतात.

चंद्रकोरी सगळ्या एका मापाच्या. मानेच्या मुळाशी पिसं तांदळाच्या दाण्याएवढी काढा, छातीच्या मध्यावर सर्वांत रुंद, कुशीकडे पुन्हा अरुंद आणि लांबट. तुमच्या २० सेंमीच्या पक्ष्यात छातीवरचं सर्वांत मोठं पीस ८-९ मिलिमीटरच्या वर नको.

कोरी सगळ्या समोरून बघितल्यासारख्या. अंग गोल आहे, कडेला वळताना कोर बारीक आणि तिरपी होते, आणि अगदी कडेशी नुसती आडवी रेघ उरते. ओळीसुद्धा सरळ नसतात, पिंपाच्या कड्यांसारख्या वाकलेल्या असतात. पेन्सिलने अंगावर चार-पाच कमानी आखून त्यांच्यावर कोरी बसवा.

आणि सगळ्या कोरी पूर्ण. दर चारातली एक अर्धवट सोडा, एक शेजारणीत मिसळू द्या. पंखांचे झुबके जिथे एकमेकांवर येतात तिथे सलग गडद पट्टा हवा. आत्ताच्या चित्रावरही हे करता येईल: सावलीच्या बाजूच्या पाच-सात कोरी त्याच काळ्याने, दुधासारख्या पातळ करून, एकाच हाताने जोडून टाका. सोनेरी थर मुरलेला आहे, उठणार नाही. फक्त ब्रश मागेपुढे घासू नका.

हिरवळीबद्दल: थॅलो ग्रीन पार्श्वभूमीत वापरला असणार. पक्ष्यातला हिरवा दिसायला हवा तर त्या चित्रात तो दुसरीकडे कुठेच नको. तसंही एप्रिलमधलं तिथलं गवत पूर्ण हिरवं नसतं, वाळलेल्या पिवळ्यातून फुटत असतं. यलो ऑकरमध्ये थोडा अल्ट्रामरीन आणि टोकभर बर्न्ट सिएना, ताकासारखा पातळ, एकाच वॉशमध्ये. मागच्या ओकच्या बुंध्यांना अल्ट्रामरीन-बर्न्ट सिएनाचा जांभळट राखाडी. पक्ष्याच्या पायाशी, पंखांची टोकं जिथे गवताला घासतात तिथे कड धारदार ठेवू नका. वॉश ओलसर असतानाच पंखाच्या टोकांचा गडद रंग त्यात दोन-तीन ठिकाणी शिरू द्या, म्हणजे पक्षी गवतावर उभा राहील. वॉशची चमक गेलेली पण कागद अजून गार लागतोय, ती वेळ साधा. त्याआधी केलंत तर रंग फार पसरेल. आणि त्यानंतर भरलेला, पाण्याने निथळणारा ब्रश टेकवलात तर फुलकोबीसारखा डाग उठेल, म्हणून ब्रश फडक्यावर टिपूनच टेकवा.